समुद्र दिसायला हवा म्हणून

२०१६ च्या दिवाळीनंतर आम्ही जेसीबी बोलावला आणि घरासमोरचं वाळूचं टेकाड दीड दिवसात सपाट केलं. आम्ही म्हणजे मी, माझे दोन चुलत भाऊ आणि त्या घरात बारा महिने राहणारी आमची आत्या. आत्याची संमती होती असं म्हणता येईल, म्हणजे ती काही बोलली नव्हती. आजोबांच्या वेळचं घर, मागे पोफळीचं आगर, पुढे अंगण, अंगणापुढे केवड्याचं रान आणि त्याच्या पलीकडे समुद्र. पाहुण्यांसाठी दोन खोल्या नव्याने बांधल्या होत्या. पाटीही रंगवून घेतली होती. फक्त पडवीत बसलं की समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा. मध्ये हे टेकाड. पुरुषभर उंच, माथ्यावर काटेरी झुडपं, पलीकडच्या उतारावर वेली. साप असतात म्हणून लहानपणी आम्हाला तिकडे फिरकू देत नसत. त्या जागेला आम्ही 'पडीक' म्हणायचो, हे आता आठवलं की कसंतरीच होतं.

दापोलीकडच्या किनाऱ्यावर अशी गावं बरीच आहेत. पश्चिमेला पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, पूर्वेला खाडीचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारा चिखलाचा पट्टा, आणि दोहोंच्या मधल्या अर्ध्या किलोमीटरच्या पट्टीत घरं, आगरं, शाळा, देऊळ, सगळा कारभार. मे महिन्याच्या सुट्टीत ही पट्टी आम्ही दिवसातून चारदा आरपार करायचो. सकाळी पुळणीवर, ओहोटीला खाडीत कुर्ल्यांच्या मागे, संध्याकाळी पुन्हा पुळणीवर. पायाखाली काय काय बदलत जातं याचा पत्ताच नव्हता. म्हणजे पायांना होता, डोळ्यांना नव्हता. कुठे टोचतं, कुठे रुततं, कुठे गार लागतं हे पायांना पाठ होतं.

समुद्राकाठच्या शब्दांची मराठीत ददात नाही. पुळण आहे, खाजण आहे, खार आहे. पुनवेचं उधाण आहे आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती आहे. चिखलातल्या झाडांना तिवर, चिपी, कांदळ, मारांडी, हुरा अशी वेगवेगळी नावं आहेत. पण पुळणीच्या वरच्या अंगाला वाऱ्याने रचलेल्या उंचवट्याला आमच्या घरात नाव नव्हतं. टेकाड, ढीग, उंचवटा, काहीही म्हणायचो. 'वाळूची टेकडी' म्हटलं की राजस्थान डोळ्यांपुढे येतं. केळशीला भारजा नदीच्या मुखाशी एक मोठी वाळूची टेकडी आहे. ती त्सुनामीने आणून टाकली की वाऱ्याने हळूहळू रचली, यावर अभ्यासकांमध्ये वादही झालेत. पण ती नावाजलेली. आमच्यासारख्यांच्या दारासमोरचे उंचवटे बिननावाचेच. आणि नाव नसलेली वस्तू हलवताना कुणाला विचारायचं असतं, हे सुचत नाही. आम्हाला नाही सुचलं.

तिथे काय होतं हे मी ते गेल्यावर शिकले. शेजारच्या हद्दीत ते टेकाड तसंच उभं होतं म्हणून शिकता तरी आलं.

पाण्याकडून सुरुवात केली तर भरतीच्या रेषेपर्यंत काहीच उगवत नाही. रोज दोनदा पाणी येऊन धुऊन नेतं, तिथे मूळ कोण धरणार? उधाणाची रेषा जिथे संपते, म्हणजे जिथे नारळाच्या करवंट्या, चपला, जाळ्यांचे तुकडे आणि बाटल्या येऊन पडतात, तिथून एखाद-दोन हातांवर पहिला हिरवा ठिपका दिसतो. ती मर्यादवेल. पान मध्ये चिरलेलं, बकरीच्या खुरासारखं. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थही बकरीचा पाय असाच आहे. फूल जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखं, सकाळी उघडतं आणि ऊन चढलं की मान टाकतं.

एकदा मी गुडघ्यांवर बसून तिची एक फांदी उचलून पाहिली. वरून ती नुसती वाळूवर पसरल्यासारखी दिसते. ओढली तर येईना. दर वीतभरावर एक पेर, आणि पेरापेरापाशी मुळांचा जुडगा वाळूत गेलेला. चार पेरं उपटली तेव्हा कळलं की पुढची किती आहेत ते मला माहीतच नाही. वेल समुद्राच्या दिशेनेच सरकत होती, शेंडा पाण्याकडे. तुटलेल्या देठातून दुधी चीक आला आणि बोटांना वाळू चिकटून बसली. बी तर याहून जिद्दी. लव असलेलं, काळपट, वाटाण्याएवढं. ते पाण्यावर तरंगतं आणि समुद्रातून कुठच्या कुठे जाऊन रुजतं. म्हणून ही वेल जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर सापडते.

या वेलीमुळे टेकाड कसं उभं राहतं हे मला पायांच्या आठवणीतून कळलं. मार्च-एप्रिलच्या दुपारी वारा सुटला की पुळणीवर नडगीला वाळू टोचते. तोंडाला टोचत नाही. वाऱ्याने उचललेला वाळूचा कण फार वर जात नाही, उड्या मारत जमिनीलगतच पळतो. म्हणजे त्याला अडवायला भिंत लागत नाही. वीतभर उंचीचा पाला पुरतो. पाल्यात वारा मंदावतो, कण खाली पडतो आणि पाला गाडला जातो. दुसरं कुठलं झाड असतं तर गुदमरून मेलं असतं. मर्यादवेल मात्र गाडली गेली की वर येते, पुन्हा गाडली की पुन्हा वर येते, आणि दर खेपेला खाली मुळांचा एक थर मागे ठेवते. टेकाड म्हणजे हे थर.

तिच्या जोडीला रावणाच्या मिशा. हे गवत ज्यांना टोचलंय ते त्याचं नाव विसरत नाहीत. पानं वाकडी, राठ, टोकाशी सुईसारखी. यात नर झुडूप वेगळं आणि मादी वेगळी. मादीला काट्यांचा चेंडू लागतो, दोन्ही हातांत मावेल एवढा, पण वजनाला काहीच नाही. पिकला की तो सुटतो आणि वाऱ्याबरोबर पुळणीवर गडगडत सुटतो, टोकांवर उड्या मारत. आम्ही लहानपणी त्याच्याशी शर्यती लावायचो. तो बिया पेरत चाललाय हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी शर्यत सोडून कोण ऐकत बसणार होतं!

या दोघांनी वाळू धरली की मग त्यांच्या पाठीमागे थोडं शांत होतं. खारा तुषार कमी, वाळूचा मारा कमी, कुजलेल्या पाल्याचा एखादा काळसर थर. तिथे निर्गुडी येते, मग केवडा. आमचा केवडा टेकाडाच्या आतल्या उतारावर होता, आधाराची मुळं काठ्यांसारखी रोवून उभा. केवड्याच्या मागे उंडी, करंज, भेंडी. ही भेंडी म्हणजे भाजीची नव्हे, मोठा वृक्ष, ज्याची पिवळी फुलं सुकताना लालसर होतात. उंडीच्या बियांचं कडू तेल पूर्वी दिव्यात जळायचं आणि होड्यांच्या लाकडाला लावलं जायचं. उंडीच्या मागे माड आणि मग आमचं अंगण. प्रत्येकाच्या पाठीशी कुणीतरी उभं. पुढचा आहे म्हणून मागच्याला जागा आहे, आणि पहिल्या रांगेत उभी आहे ती कोण, तर पायदळी तुडवली जाणारी वेल.

आम्ही पहिल्या तीन रांगा उचलल्या. वाळू खड्ड्यांत भरली, केवडा मुळासकट जाळला. ऐन हरतालिकेला केवड्याचं पान लागतं तेव्हा आत्याला पुढच्या वर्षी ते शेजारून मागून आणावं लागलं. ती एवढंच म्हणाली, "अगो, घरचं होतं ना आपल्या." समोर चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी भिंत, बांधली, कंबरभर. पडवीतून समुद्र दिसू लागला. फोटो छान आले.

टेकाडाच्या मागे एक सखल जागा होती, तीही त्याच खेपेत भरून टाकली. पावसाळ्यात तिथे गोडं पाणी साचायचं. लव्हाळे उगवायचे, बेडकांचा गोंधळ असायचा, बगळे उभे असायचे. दिवाळीपर्यंत ती आटायची. डास होतात या कारणाने तिच्यावर सगळ्यांचाच राग. त्या डबक्याचा आणि आमच्या विहिरीचा संबंध मला फार उशिरा लागला. समुद्रापासून दीडशे पावलांवरची विहीर गोडी कशी, हा प्रश्न गावात कुणाला पडत नाही, कारण ती कायम गोडीच असते. पाऊस वाळूत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी उभं असतं. उलट वरची पातळी थोडी उतरली की खालून खारं पाणी त्याच पटीत वर चढतं. टेकाड आणि त्यामागची पाणथळ जागा पाऊस धरून ठेवत होत्या. आम्ही त्या काढल्या, वर फरसबंदी केली आणि पाहुण्यांच्या न्हाणीघरांसाठी पंप बसवला. तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर मचूळ झाली. यात टेकाडाचा वाटा किती आणि पंपाचा किती हे मला सांगता येणार नाही. माझ्या मते पंपाचाच जास्त. पण चहा फाटायला लागला तेव्हा आत्याने पंपाकडे बघितलं नाही, समुद्राकडे बघितलं.

आता खाडीकडे जाते, कारण तिथे गोष्ट उलटी घडली.

आमच्या लहानपणी खाजण म्हणजे घाण. चिखल, वास, डास आणि जळण. तिवराची फाटी चुलीत उत्तम जळतात, त्यामुळे कोयता घेऊन जायचं आणि मोळी आणायची, यात कुणाला काही वाटत नसे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या, म्हणजे खाजणातल्या या झाडांच्या, तोडीवर बंदी घातली. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष आला. २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला गेला. २०२० मध्ये तर पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. ज्या झाडाच्या मुळांना अडखळून आम्ही पडायचो त्याला एकदम आंब्याच्या पंगतीला बसवलं! आज खाजणात कोयता घेऊन शिरायला कुणी धजत नाही, आणि खरंच, खाडीच्या दोन्ही काठांना आता माझ्या लहानपणापेक्षा जास्त हिरवं आहे.

या चिखलातही रांगा आहेत, फक्त त्या वाऱ्याने नाही, भरतीने लावलेल्या. कुठल्या जागी दिवसातले किती तास पाणी राहतं, त्यावर कोण कुठे उभं राहणार हे ठरतं. मुखाजवळ, पाण्याला अगदी खेटून, पांढरी चिपी. तिची श्वासमुळं जाड, टोकाला निमुळती. तिचं फूल पाहायचं तर संध्याकाळी जावं लागतं. दिवस मावळला की कळी उघडते आणि पांढऱ्या केसरांचा झुपका फुटतो. रात्री वटवाघळं आणि पतंग येऊन जातात, सकाळी केसर खाली चिखलात. मागे उरतं ते हिरवं फळ, खाली चांदणीसारखी बैठक असलेलं. मी हे फूल चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं, ज्या खाडीत पोहायला शिकले त्या खाडीत.

ओहोळांच्या कडेला कांदळ, कमानीसारख्या मुळांवर उभा. याचं बी झाडावरच रुजतं. आपण शेंग म्हणतो ती शेंग नसतेच, हातभर लांब रोपच लटकत असतं. पडलं की चिखलात उभं घुसतं, नाहीतर तरंगत दुसरीकडे जातं. आम्ही ती भाल्यासारखी एकमेकांवर फेकायचो. तिवर सगळीकडे, पेन्सिलींसारखी मुळं चिखलातून वर काढून. तिवराचं पान उन्हात धरून बघा, त्यावर मिठाचे कण चमकतात. जिभेला लावलं तर खारट. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच गाळून टाकतो, तिवर आत आलेलं मीठ पानातून बाहेर टाकतो. एकाच चिखलात उभे राहून दोघांनी दोन वेगळे तोडगे काढलेत.

वर, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तिथे मारांडीची काटेरी पानं आणि जांभळी फुलं, आणि हुरा. हुऱ्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो असं आत्या बजावायची. आम्हाला वाटायचं, साप आणि भुताच्या गोष्टींसारखी हीपण धाक दाखवायची युक्ती. ती नव्हती. त्याच्याही वर खारट सपाटीवर मोरस, लहानशी, पानं दळदार. तिची भाजी करतात, उकडून पाणी पिळून टाकायचं, आणि मीठ घालायचं नाही. मग खारबांध आणि बांधाआड भातखाचरं.

तर खाडीच्या बाजूला नावं होती, त्यांना न्यायालय मिळालं, कक्ष मिळाला, पाट्या मिळाल्या. समुद्राच्या बाजूलाही कायदा आहेच. किनाऱ्यासाठीची पहिली सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना १९९१ ची, आणि २०११ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या कांदळवनांच्या बरोबरीने पहिल्या, सर्वांत जपायच्या वर्गात आहेत. म्हणजे आम्ही केलं ते चूकच होतं, कागदावरसुद्धा. पण तिवराची फांदी तोडली तर गावातलाच कुणी हटकतो, आणि जेसीबी दीड दिवस घरघरत होता तेव्हा येणारा-जाणारा थांबून म्हणत होता, "बरं केलंत, मोकळं झालं."

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मी पुण्यात, भाऊ मुंबईत, टाळेबंदी, फोन बंद. आत्या माजघरात बसून होती. नंतर तिने सांगितलं ते असं : आधी कौलं गेली, मग माड, मग समोरच्या सुरूंचा आवाज. आमच्या पुळणीवर सुरूची लागवड आहे, आमच्या जन्माआधीची. सुरू इथला नव्हे, पण वाळूत पटकन वाढतो, सावली देतो, म्हणून लोकांना आवडतो. मलाही आवडतो. फक्त त्याच्या सुयांचा थर एवढा दाट पडतो की खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. त्या दिवशी अख्खी रांग मुळांच्या थाळ्यांसकट आडवी झाली. दोन सुरू गडग्यावर पडले. लाटेने गडग्याचा पाया आधीच पोखरून ठेवलेला होता, कारण उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत जाताना बुडाची वाळू ओढून नेते. गडगा कोसळला आणि पाणी आणि वाळू अंगणातून पडवीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आली.

शेजारच्यांचीही कौलं गेली, पोफळी गेल्या. वाऱ्याने केवडा बघून कुणाला सोडलं नाही. पण त्यांच्या अंगणात वाळू आली नव्हती. त्यांचं टेकाड समोरून कापल्यासारखं झालं होतं, पाव कापावा तसं, आणि कापलेल्या कडेतून मुळं लोंबत होती. मी पोचले तेव्हा महिना उलटला होता. त्या कडेसमोर मी बराच वेळ उभी राहिले. मुळांचे थर मोजायचा प्रयत्न केला, अकराला सोडून दिला. त्या दिवाळीत जाऊन पाहिलं तर कडेच्या पायथ्याशी समुद्राने वाळू परत आणून टाकायला सुरुवात केली होती. पावसाळ्यात उसनी न्यायची आणि सुगीनंतर परत करायची हा त्याचा नेहमीचाच व्यवहार. घेणारा कुणी तिथे असला तर. शेजाऱ्यांकडे वेल होती. आमच्याकडे चिरे होते.

पुढच्या वर्षी, मृगाचे पहिले दोन पाऊस झाल्यावर, मी शेजाऱ्यांकडून मर्यादवेलीची फाटी मागून आणली. हातभर तुकडे, प्रत्येकाची दोन पेरं वाळूत आणि शेंडा बाहेर. भाऊ हसले. पहिली खेप पावसाळ्यातल्या लाटांनी नेली, मी फार पुढे लावली होती. दुसरी खेप थोडी मागे लावली, ती जगली, आणि डिसेंबरात पुळणीवर गाडी उतरवून गोल गोल फिरवणाऱ्यांच्या चाकांखाली गेली. मग आम्ही पडलेल्या गडग्याचे चिरे ओळीने मांडले, गाडीला वाट राहणार नाही असे. कामाला आले ते चिरे शेवटी. रावणाच्या मिशा लावाव्या लागल्या नाहीत. शेजारून चेंडू गडगडत आले आणि चिऱ्यांना अडले.

गेल्या मे महिन्यात मी तिथे होते. टेकाड म्हणावं असं अजून काही नाही. गुडघ्याएवढा फुगवटा, समोरच्या अंगाला वेल, मध्ये मिशांचे दोन-तीन ठोंब. फरसबंदी अर्धी उखडली आहे, सखल जागेचा थोडा तुकडा मोकळा केलाय, पंप दिवसातून एकदाच चालतो. विहीर अजून मचूळच आहे. प्यायचं पाणी शेजारून येतं. आत्याने केवड्याचे तीन फुटवे आणून आतल्या अंगाला लावलेत आणि भांडी धुतलेलं पाणी ती त्यांनाच घालते.

एक कुटुंब राहायला आलं होतं. त्यातल्या बाईंनी पडवीतून मान उंचावून पाहिलं आणि मला विचारलं, "फोटोत तर समुद्र पूर्ण दिसत होता ना? आता ती वाळू मध्ये येते." मी म्हटलं, हो, फोटो जुना आहे, बदलायला हवा. मग मुलं अनवाणीच समोर पळाली, आणि मी "तिकडून नको, टोचेल!" असं ओरडेपर्यंत धाकटा मिशांच्या ठोंबात शिरला होता. आत्या आतून सुई आणि हळद घेऊन आली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि काटा शोधत बसली.